म्हातारी तेलविहीर रिकामी नसते: जंतूंच्या साबणाची गोष्ट

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक साहाय्यक म्हणून नेमलं. बातमीत म्हटलं होतं की हे तेलक्षेत्र आता जुनं झालंय, उत्पादन उतरलंय आणि ते पुन्हा वाढवायचंय. त्यानंतर थोड्याच दिवसांत गावी गेलो. देवगडच्या बंदरावर ट्रॉलरवाल्या एका काकांनी मला थांबवून विचारलं, "तेल खाली आसा ना? मगे वर येना कित्याक?" म्हणजे, तेल खाली आहे तर ते वर का येत नाही?

प्रश्न अगदी नेमका होता. मी तिथे जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर बसून दिलेलं उत्तर अर्धवट राहिलं. ते पूर्ण करायला हा लेख लिहितोय. यात एका जुन्या, पण अलीकडे पुन्हा चर्चेत असलेल्या उपायाबद्दल सविस्तर सांगणार आहे. जंतूंनी बनवलेला साबण वापरून खडकात अडकलेलं तेल सोडवायचं, असा तो उपाय आहे.

खाली तेलाचं तळं नसतं

तेलविहीर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आपली परसातली विहीर येते. खाली पोकळी, तिच्यात साठलेलं तेल, आणि वरून पंप. प्रत्यक्षात खाली पोकळी नसतेच, खडक असतो आणि त्या खडकाच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं. कोकणातल्या माणसाला हे समजायला जांभ्याचा चिरा पुरे. नव्या चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओता, बघता बघता ते आत जिरतं. चिरा वरून घट्ट दिसला तरी आतून भोकाभोकांचा असतो. मुंबई हायचा खडक जांभा नाही, चुनखडीचा आहे आणि त्याची बरीचशी छिद्रं डोळ्यांना दिसणारही नाहीत इतकी बारीक आहेत. पण तत्त्व तेच.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाच्या खाली हा खडक आहे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रातल्या खोदाईच्या चौथऱ्याने (रिगने) तिथे पहिली विहीर खोदली, तेल लागलं, आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे समुद्राखालून नळ टाकून ते तेल उरणला आणलं गेलं. म्हणजे एका परीने हे कोकण किनाऱ्यावरच उतरणारं तेल आहे.

सुरुवातीची वर्षं सोपी असतात. गोटी सोड्याची बाटली फोडली की आतल्या वायूच्या जोरावर सोडा आपणहून उसळतो. नवी तेलविहीरही तशीच वागते, कारण तेलात विरघळलेला वायू आणि खडकातला दाब तेलाला वर ढकलत असतात. हा जोर ओसरला की दुसरा उपाय करतात. शेजारच्या विहिरींतून पाणी आत सोडायचं आणि त्या पाण्याच्या रेट्याने तेल पुढे ढकलायचं. समुद्रातल्या क्षेत्रात पाण्याला तोटा नसतो, मुंबई हायमध्येही १९८०च्या दशकापासून हेच चाललंय.

पण काही वर्षांनी पाणी आपली वाट शोधतं आणि सरळ वर येऊ लागतं. मग विहिरीतून तेल कमी आणि पाणी जास्त निघतं. अशा विहिरीला आपण म्हातारी म्हणतो. जगभरातला ढोबळ अनुभव असा की या दोन्ही उपायांनंतरही खडकातलं निम्म्याहून जास्त, बऱ्याच ठिकाणी दोन तृतीयांश तेल खालीच राहतं.

म्हणून काकांना मी पहिलं वाक्य हेच सांगितलं की तेल संपलेलं नाही, ते अडकलंय.

अडकतं म्हणजे नेमकं काय होतं

लहानपणी आमच्या अंगणात होडीचं इंजिन सोडवून ठेवलं होतं. त्याचं ऑइल पायरीच्या चिऱ्यावर सांडलं. माझ्या काकाने बादलीच्या बादल्या पाणी ओतलं. पाणी डागावरून सरकून खाली जायचं आणि डाग तसाच. चिऱ्याच्या भोकाभोकांत काळं ऑइल चमकत होतं. आजी ओट्यावरून म्हणाली, "पाण्यान काय होवचा नाय, रिठे हाड (आण)." भिजवलेल्या रिठ्याचं फेसाळ पाणी तिने चिऱ्यावर ओतलं, काथ्याने घासलं आणि थोडं थांबली. मग भोकांतून एकेक काळा थेंब सुटून वर आला, पाण्यावर रंगीत तवंग पसरला, आणि पुढची बादली तो घेऊन गेली.

या एका प्रसंगात या विषयाचं जवळजवळ सगळं शास्त्र आलं.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. जिथे ते भेटतात तिथे जणू एक ताणलेली कातडी तयार होते. त्या कातडीमुळे तेलाचा थेंब गोल, घट्ट राहतो. आता हा थेंब खडकातल्या एका खोलीत आहे आणि बाहेर पडायची बोळकांडी त्याच्याहून अरुंद आहे अशी कल्पना करा. तांदळाचं गच्च भरलेलं पोतं अरुंद दारातून जात नाही. मागून कितीही ढकला, ते दारातच फसतं. तेच पोतं सैल बांधलेलं असेल तर लांबट होऊन निघून जातं. तेलाच्या थेंबाची कातडी सैल केली तर तोही लांबट होतो आणि पाण्याच्या साध्या रेट्याने बोळातून सटकतो.

ही कातडी सैल करणाऱ्या पदार्थाला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला ओढ घेतं, दुसरं तेलाला. तो दोघांच्या मध्ये उभा राहतो आणि ताण उतरवतो. साबण हा सर्फॅक्टंट, भांड्यांची पावडर हाही सर्फॅक्टंट, आणि रिठ्या-शिकेकाईतला फेस देणारा पदार्थही सर्फॅक्टंटच. यापुढे मी त्याला साबणच म्हणतो.

साबण आणखी एक काम करतो. चुनखडीचा खडक बहुधा तेलाला चिकटून धरतो, तळणीच्या जुन्या कढईला तेलाचा राप बसतो तसा. साबणामुळे खडकाचा हा कल बदलतो आणि तेलाची जागा पाणी घेऊ लागतं. मुंबई हायसारख्या चुनखडीच्या क्षेत्रात हे दुसरं काम पहिल्याइतकंच मोलाचं आहे.

जंतू साबण का बनवतात

कारखान्यात बनवलेला साबण तेलविहिरीत सोडायची पद्धत आहेच. पण तो महाग पडतो, खारट पाण्यात आणि खडकाला चिकटून त्यातला बराच वाया जातो, आणि त्यातले काही प्रकार निसर्गात लवकर कुजत नाहीत. इथे जंतूंचा विचार पुढे येतो.

अनेक जंतूंना स्निग्ध पदार्थ खायचे असतात किंवा एखाद्या पृष्ठभागावर पसरायचं असतं. त्यासाठी ते स्वतःच साबणासारखे रेणू तयार करतात. बॅसिलस सबटिलिस हा मातीत, वाळल्या गवतात सगळीकडे सापडणारा जंतू. तो सरफॅक्टिन नावाचा साबण बनवतो. १९६८ मध्ये जपानमध्ये त्याचा शोध लागला. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरच्या अशाच कातडीचा ताण, ७२ मिलिन्यूटन दर मीटर असतो, सरफॅक्टिनची अगदी थोडी मात्रा तो २७ पर्यंत उतरवते. स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा रॅम्नोलिपिड हा साबणही तितकाच अभ्यासला गेलाय.

जंतूंकडून तेल काढून घ्यायची कल्पना नवी नाही. १९२६ मध्ये बेकमन या शास्त्रज्ञाने ती मांडली आणि १९४०च्या दशकात अमेरिकेत क्लॉड झोबेल यांनी तिच्यावर प्रयोग केले. भारतात ओएनजीसीची अहमदाबादची इन्स्टिट्यूट ऑफ रिझर्व्हॉयर स्टडीज आणि दिल्लीची टेरी ही ऊर्जा-संशोधन संस्था यांनी मिळून उष्णता सोसणाऱ्या जंतूंवर काम केलं. २००७ मध्ये ओएनजीसी आणि टेरी यांची एक संयुक्त कंपनीही उभी राहिली. जमिनीवरच्या म्हाताऱ्या विहिरींत हे जंतू सोडण्याचं काम आपल्या देशात झालेलं आहे.

हे करतात कसं: आंबोळीचं पीठ

दोन रस्ते आहेत.

पहिल्यात जंतू आणि त्यांचं खाद्य, बहुतेकदा साखर कारखान्याची मळी आणि काही क्षार, विहिरीतून खाली सोडतात. मग विहीर काही दिवस ते काही आठवडे बंद ठेवतात. हा बंद काळ म्हणजे आंबोळीचं पीठ रात्रभर झाकून ठेवण्यासारखा आहे. पीठ का फुगतं? जंतू त्यातलं पिष्ट खाऊन वायू आणि आम्ल तयार करतात. खडकातही तेच होतं, फक्त त्यात साबणाची भर पडते. वायूने दाब थोडा वाढतो, काही वायू तेलात विरघळून त्याला पातळ करतो. आम्ल चुनखडी किंचित विरघळवतं आणि बोळ रुंद होतात. कोकमाचं आंबट आगळ सांडलं की शहाबादी फरशीवर पांढरट खड्डा पडतो, कारण तीही चुनखडीच. नंतर विहीर उघडली की सुटलेलं तेल वर येतं.

जंतू आणखी एक काम करतात, आणि मला ते सगळ्यांत सुंदर वाटतं. पोफळीच्या बागेत शिंपणं करताना पाटाचं पाणी एकाच उताराने पळायला लागलं तर आपण काय करतो? तिथे मातीचं ढेकूळ टाकून ती वाट बंद करतो, मग पाणी कोरड्या झाडांकडे वळतं. जंतूंची वाढ आणि त्यांनी सोडलेला चिकट पदार्थ खडकातल्या रुंद, धुऊन निघालेल्या वाटा अशाच बुजवतो. पाणी मग नाइलाजाने तेल साठलेल्या अरुंद भागात शिरतं.

दुसऱ्या रस्त्यात जंतू खाली पाठवतच नाहीत. वर टाकीत त्यांना वाढवायचं, त्यांनी बनवलेला साबण काढून घ्यायचा आणि फक्त तो साबण पाण्याबरोबर खाली सोडायचा. याला खर्च जास्त येतो, पण ताबा पूर्ण आपल्या हातात राहतो.

"खालच्या उष्णतेत जंतू जगतील का?"

ही शंका सर्वांत वजनदार आहे. जसजसं खोल जावं तसं तापमान वाढतं आणि अनेक तेलथरांत ते पाण्याच्या उकळीच्या वर जातं. आतापर्यंत प्रयोगशाळेत कोणताही जंतू १२२ अंश सेल्सिअसच्या वर वाढलेला नाही, आणि तो विक्रमवीर जंतू साबण बनवणारा नव्हे. प्रत्यक्ष कामाला येणारे जंतू ९०-१०० अंशांच्या आतच भरवशाचे.

म्हणूनच गुजरातमधल्या जमिनीवरच्या, तुलनेने थंड विहिरी या पद्धतीला आधी सोयीच्या ठरल्या. समुद्रातल्या खोल, तापलेल्या थरांसाठी दुसरा रस्ता हाच शहाणपणाचा, असं माझं स्पष्ट मत आहे. जंतू मेला तरी त्याचा साबण टिकतो. सरफॅक्टिन १०० अंशांच्या वरची उष्णता सोसतं आणि खारट पाण्यातही काम करतं.

मोठमोठ्या दाव्यांपासून मात्र सावध राहायला हवं. कारखान्यातले उत्तम साबण तेल-पाण्यामधला ताण हजार पटींहून जास्त उतरवतात. जंतूंचे साबण एकट्याच्या बळावर सहसा तिथवर पोहोचत नाहीत. म्हणून त्यांना बहुतेकदा दुसऱ्या रसायनांच्या जोडीने वापरावं लागतं. शिवाय एका विहिरीत यश आलं म्हणून शेजारच्या विहिरीतही ते येईलच असं नाही, कारण प्रत्येक खडकाचा स्वभाव वेगळा.

सडक्या अंड्याचा वास

ज्यांचं घर खाडीकाठच्या खाजणाच्या कडेला आहे त्यांना हा वास माहीत आहे. भरती ओसरली की खाजणाच्या काळ्या चिखलात पाय रुतवावा आणि सडक्या अंड्यासारखा भपकारा यावा. तो हायड्रोजन सल्फाइड वायू. हवा नसलेल्या चिखलात काही जंतू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि हा वायू सोडतात.

तेलविहिरीत समुद्राचं पाणी सोडलं की हेच सल्फेट खाली जातं. त्यात आपण वरून मळीसारखं खाद्यही दिलं तर नको असलेले जंतूही मेजवानीला बसतात. हा वायू विषारी आहे आणि पोलादी नळ कुरतडतो. समुद्रातल्या तेलाच्या चौथऱ्यावर (प्लॅटफॉर्मवर) काम करणाऱ्या माणसासाठी हा धोका जिवावरचा आहे. यावर उपाय म्हणून पाण्यात थोडं नायट्रेट मिसळतात. मग नायट्रेटवर जगणारे जंतू वाढतात आणि वायू सोडणाऱ्यांना मागे टाकतात. उपाय चालतो, पण सतत मोजमाप ठेवावं लागतं. जंतू सोडले आणि विसरलो, असं या कामात चालत नाही.

"आमच्या मासळीचं काय?"

काकांचा दुसरा प्रश्न हाच होता, आणि तो विचारायचा त्यांचा हक्क आहे. दर पावसाळ्यात कोकणच्या पुळणींवर डांबरगोळे येतात, पायाला चिकटतात, जाळी खराब करतात. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजं आदळली तेव्हा सांडलेलं तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आलं होतं. तेल म्हटलं की किनाऱ्यावरचा माणूस दचकतो, ते उगाच नाही. आणि राजापूर तालुक्यात नाणार, बारसूची आंदोलनं पाहिलेल्या माणसाला तेलाची कोणतीही बातमी रिफायनरीचीच वाटू शकते. तर हे आधी स्पष्ट करतो: विहिरीत साबण सोडण्याचा आणि किनाऱ्यावर रिफायनरी उभारण्याचा काही संबंध नाही. हे काम आधीच असलेल्या विहिरींत, समुद्रतळाच्या खाली होतं.

खाली सोडलेले जंतू वर येऊन रोग पसरवतील का? हवा नसलेल्या, गरम, प्रचंड दाबाच्या जागी जगणारे जंतू आपल्या समुद्राच्या उघड्या पाण्यात सहसा वाढत नाहीत. स्यूडोमोनासची एक जात मात्र आजारी माणसाला त्रास देऊ शकते, इस्पितळांत ती बदनाम आहे. तिचा साबण हवा असेल तर तो बंद टाकीत बनवून, जंतू वगळूनच वापरायला हवा. बॅसिलससारखा निरुपद्रवी जंतू हाताशी असताना उगाच धोका का घ्यायचा?

जंतूंचे साबण निसर्गात लवकर कुजतात, ही त्यांची खरी जमेची बाजू. पण "नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी" हे मी मान्य करत नाही. धोत्राही नैसर्गिकच आहे. रॅम्नोलिपिडची मात्रा जास्त झाली तर ते पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाला मारतं, आणि त्याच शेवाळावर मासळीची सगळी साखळी उभी आहे. म्हणून तेलाबरोबर वर येणारं पाणी समुद्रात सोडण्याआधी त्यात तेल आणि साबण किती आहे हे तपासणं, आणि ते आकडे मच्छीमारांना त्यांच्या भाषेत उपलब्ध असणं, हे मी या तंत्राइतकंच महत्त्वाचं मानतो.

गोठलेलं खोबरेल

विहिरीचं तोंड तुंबणं हाही म्हातारपणाचा एक आजार आहे. मुंबई हायचं तेल मेणयुक्त आहे. पौषातल्या थंडीत सकाळी खोबरेलाची बाटली उलटी केली तर थेंब पडत नाही, ती उन्हात ठेवावी लागते. खालून गरम आलेलं तेल वर येताना थंड होतं आणि त्यातलं मेण नळाच्या आतल्या बाजूला असंच थर धरतं. इथे मेण खाणारे जंतू आणि त्यांचा साबण कामी येतो. हे काम खडकातून तेल सोडवण्याइतकं अवघड नाही, निकाल लवकर दिसतो आणि खर्चही आवाक्यात राहतो. टाक्यांच्या तळाशी साठणाऱ्या गाळाबाबतही तसंच. कुवेतमध्ये १९९०च्या सुमाराला अशा एका टाकीतल्या गाळातून जंतूंच्या साबणाने ९० टक्क्यांच्या आसपास तेल परत मिळवलं गेलं होतं. माझ्या मते या तंत्राचा पहिला पक्का उपयोग इथे आहे, नळांत आणि टाक्यांत. खोल खडकाची पाळी त्यानंतर.

"पण तेल काढायचंच कशाला?"

पुण्या-मुंबईतल्या तरुण वाचकांकडून ही शंका येते आणि ती रास्त आहे. पृथ्वी तापत असताना शेवटचा थेंब पिळून काढायचा का? माझं उत्तर सावध आहे. भारत आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. आपली गाडी, ट्रॉलर आणि एसटी उद्या लगेच थांबणार नाहीत. जोवर ते जळणार आहे तोवर नवा समुद्रतळ खोदण्यापेक्षा जिथे चौथरे, नळ, माणसं आधीच आहेत तिथलंच जास्त काढणं मला कमी नुकसानीचं वाटतं. पण ही मुभा कायमची नव्हे. आणि जंतूंचा साबण फक्त तेलासाठी नाही. सांडलेलं तेल धुवायला, तेलाने बिघडलेली जमीन साफ करायला तोच लागतो. म्हणून ही विद्या तेलयुगानंतरही वाया जाणार नाही.

साबणाचं खाद्य कोकणातच कुजतंय

या साबणाची किंमत मुख्यतः जंतूंच्या खाद्यावर ठरते. ब्राझीलमध्येही आपल्यासारखा काजू होतो, मुळात काजू तिथूनच आपल्याकडे आला. तिथल्या शास्त्रज्ञांनी काजूच्या बोंडूचा रस गाळून त्यात बॅसिलस सबटिलिस वाढवला आणि साबण मिळवला. बोंडूत साखर आहे, पाणी आहे, आणि बी काढल्यावर तो बहुतेक ठिकाणी कोणालाच नको असतो.

एप्रिलमध्ये सिंधुदुर्गात कोणत्याही काजूच्या बागेत जा. झाडाखाली लाल-पिवळ्या बोंडूंचा सडा असतो, वर माशा घोंगावत असतात, आंबूस वास दूरवर येतो. बी पिरगळून टोपलीत जाते आणि तिच्याहून कितीतरी जड बोंडू तिथेच पडून राहतो. गोव्यात त्याची फेणी होते, आपल्याकडे बहुतेक माती होते. त्या बागेत फिरताना पायाखाली बोंडू फुटला की मला आता दरवेळी आजीचा चिरा आणि रिठ्याचं पाणी आठवतं. यंदा हंगामात गावी गेलो की देवगडच्या बंदरावर त्या काकांना पाटीभर बोंडू दाखवून बाकीचं उत्तर द्यायचं ठरवलंय.